नितळ वर्तुळाच्या पुढे

मित्रहो, प्रयोगशाळेतली एक पेट्री डिश डोळ्यांसमोर आणा. तिच्यातलं आगर, म्हणजे जेलीसारखा थर, दुधाळ दिसतंय, कारण त्यात पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण मिसळलेत. मधोमध बुरशीचा ठिपका. काही दिवसांत ठिपक्याभोवतीचा दुधाळपणा नाहीसा होऊन नितळ वर्तुळ उमटतं आणि बातमी येते: प्लास्टिक खाणारी बुरशी सापडली! मला इथे थांबून विचारावंसं वाटतं, की प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळीतला तुटला तो नेमका कोणता बंध?

पॉलियुरेथेन आयसोसायनेट आणि पॉलिओल या दोन रसायनांपासून बनतं. दोघं जुळतात तिथे युरेथेन बंध तयार होतो. पॉलिओल पॉलिएस्टर जातीचा असेल, तर साखळीत एस्टर बंधही येतात. ते तोडणारी एन्झाइम्स (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सूक्ष्मजीवांकडे प्लास्टिकच्या कितीतरी आधीपासून आहेत. चरबी पचवायला तीच लागतात. म्हणजे नितळ वर्तुळ उमटायला एवढे एस्टर बंध तुटले तरी पुरतं. (कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटाच्या तळव्याचा भुगा होतो ना, तोही बहुधा हेच बंध तुटल्यामुळे. तिथे हवेतला ओलावाच पुरतो.)

येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इक्वेडोरच्या जंगलातल्या वनस्पतींमधून पेस्टालोटिऑप्सिस मायक्रोस्पोरा ही बुरशी मिळवली. ती पॉलियुरेथेनवर ऑक्सिजनशिवायही वाढते, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. शोध खरोखर सुंदर आहे. पण ते पॉलियुरेथेन पॉलिएस्टर जातीचं होतं. गाद्यांमधला फोम बहुतेक पॉलिईथर जातीचा असतो. त्यात एस्टर बंध नाहीत, आणि त्यावर बुरशीची मात्रा फारशी चालत नाही हे १९६८ सालीच दिसून आलं होतं.

युरेथेन बंध तुटला तरी काम संपत नाही. त्यातून अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेलं एक संयुग, बाहेर पडतं. मऊ फोममधून येणारं २,४-डायअमिनोटोल्युइन विषारी आहे, त्यामुळे कर्करोगाचा धोकाही संभवतो. मातीत फोम ‘विरघळला’ आणि हे मागे राहिलं, तर आपण काय मिळवलं? म्हणून २०२० साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या शास्त्रज्ञांनी वर्णन केलेला स्यूडोमोनास जिवाणू मला फार मोलाचा वाटतो. कार्बन, नायट्रोजन आणि ऊर्जा या तिन्ही गरजा तो याच अमाइनवर भागवतो. अख्खा फोम मात्र तो फस्त करत नाही, हेही सांगायला हवं.

घट्ट फोमच्या आत एन्झाइमला शिरताच येत नाही. साखळ्यांचे कडक भाग हायड्रोजन बंधांनी एकमेकांना चिकटलेले असतात. जर्मनीतल्याच ग्राइफ्सवाल्डच्या संशोधक गटाने २०२३ साली यावर चांगला मार्ग दाखवला. पॉलिईथर फोम आधी रसायनाने फोडायचा; मग त्यातून उरलेल्या लहान रेणूंतले युरेथेन बंध एन्झाइमने तोडायचे. युरेथेन बंध तोडणारी ही एन्झाइम्स, म्हणजे युरेथेनेज, त्यांना जिवाणू न वाढवता, मातीतून थेट काढलेल्या डीएनएमध्ये सापडली. शिवाय इथे अमाइन मातीत जात नाही. ते भांड्यातच राहतं, वेगळं काढता येतं आणि त्यापासून पुन्हा आयसोसायनेट बनवता येतं.