घोट घोट पाणी

(दृश्य: रामदासपेठ, मे महिना, दुपारचे दोन, रस्ता जवळजवळ रिकामा)

नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि अशा उन्हात रामदासपेठेत रस्त्यावर दिसतात ते दोनच जण, एक म्हणजे डिलिव्हरीवाली पोरं आणि दुसरे दवाखान्यात आलेले. धंतोली-रामदासपेठ म्हणजे गल्लीगल्लीत दवाखाना, विदर्भातले लोक तर येतातच पण तिकडून छिंदवाडा, बालाघाटचेही बस पकडून इथंच येतात.

त्यातल्याच एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर हे भाऊ बसलेत. इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान आहे. हातातली बाटली बघा, तिच्यावर मार्करनी रेघा मारल्या आहेत, दर रेघेला एक तास. टोपी काढली, घाम पुसला, आणि पाणी कसं पितात ते बघा... एक घोट. थांबले. परत एक घोट.

"आधी मी घरी आलो की लोटा उलटा करायचो तोंडात, गटगट. ऑपरेशन झालं अन पहिल्या उन्हाळ्यात सगळ्यात जास्त आठवण कशाची आली माहीत आहे? बिर्याणीची नाही न् सावजीची नाही. त्या गटगट पाण्याची."

ही फिल्म त्याबद्दल आहे. वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल व्हिडिओ ढीगभर पडलेत, आधीचा फोटो नंतरचा फोटो, मागे म्युझिक, संपलं. आम्ही आठ महिने या लोकांच्या मागं फिरलो आणि त्या दोन फोटोंच्या मधे काय असतं ते विचारत राहिलो.

(दृश्य: इतवारीचं दुकान, पोत्यांच्या थप्प्या)

भाऊंची उंची 170 सेंटिमीटर, वजन होतं 138. बीएमआय काढायचा तर किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, त्यांचा आला जवळपास 48. शुगर होती, बीपी होतं, रात्री घोरताना श्वास अडकायचा आणि बायको उठून बसायची, "गेले का काय" म्हणून बघायला. दुकानात गल्ल्याच्या खुर्चीचे हात कापून घेतले होते, हे ते हसत सांगतात, पण बायको हसत नाही.

त्यांचं झालं स्लीव्ह. पोटावर चारपाच छोटी भोकं पाडून दुर्बिणीनं जठराचा साधारण पाऊण भाग स्टेपलरनं कापून बाहेर काढतात, आत उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. नुसती जागा कमी होते म्हणून वजन उतरतं असं लोक समजतात, तसं नाही, जो भाग काढतात तिथंच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, त्यामुळं भूकच कमी होते. दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराची छोटीशी पिशवी करून ती आतड्याला पुढं नेऊन जोडतात, आणि काही पेशंटची शुगर तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांतच खाली येते.

आता गंमत म्हणजे भाऊंची तारीख एकदा कॅन्सल झाली होती. कारण खर्रा. बाहेरच्यांना सांगावं लागतं, सुपारी तंबाखू चुना प्लास्टिकमधे घोटून जो बनतो तो, पानठेल्यावर तुमच्या समोर घासून देतात. सर्जननी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तंबाखूनं टाके भरायला वेळ लागतो, आधी बंद करा. हे हो म्हणाले. आणि ॲडमिट व्हायच्या दिवशी सिस्टरला वास आला.

"मी तर भांडलो ना तिथं! म्हटलं पैसे भरले, दुकान बंद ठेवलं, साळा नरखेडहून आला, अन तुम्ही घरी पाठवून राहिले? डॉक्टर काही बोलला नाही, फाइल बंद केली न् म्हणे दीड महिन्यानं या. तेव्हा राग आला बाप्पा. पण आता वाटते, जो माणूस आलेलं गिऱ्हाईक परत पाठवते तो खोटा नसते."

दुकानदाराची पारख आहे ही, आम्हाला पटली.

(दृश्य: ओपीडी, भिंतीला टेकलेल्या खुर्च्या)

आता सगळं गोडगोड आहे असं नका समजू. ओपीडीत तीन तीन तास बसावं लागतं, सर्जन भराभरा बोलतात, अर्धं डोक्यावरून जातं, एक काकू म्हणाल्या की "डॉक्टर चांगला आहे पण मान वर करून पाहत नाही". कॅमेऱ्यासमोर यायलाही सर्जननी नाही म्हटलं. पण एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पेशंटनी आपणहून सांगितली, की पहिल्या भेटीतच त्यांनी 'लीक' हा शब्द काढला होता. म्हणजे स्टेपलची शिवण कुठं सुटली तर आतलं पोटात गळतं, क्वचित होतं पण झालं तर जीवावर बेतू शकतं. ताप, छातीत धडधड, खांद्यात दुखणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. फोन नंबर कागदावर लिहून दिला होता आणि तो रात्री उचलला जातो. आम्ही पण एकदा रात्री अकराला लावून बघितला, उचलला, आम्हीच ओशाळलो.

मानेवाड्याच्या एक ताई आहेत, शाळेत शिकवतात. बायपास झालं त्याला दीड वर्ष. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ, डाळीचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर, कारण जठरावर यकृत असतं, ते चरबीनं फुगलेलं असलं की सर्जनला आत जागा मिळत नाही, म्हणून आधी ते लहान करायचं. नंतर परत दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधलं, मग मऊ भात-वरण. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही.

"चौथ्या महिन्यात केस असे गळाले की मोरी तुंबली. मी रडत डाएटवाल्या मॅडमला फोन केला. त्या म्हणे, पान नंबर सहा काढा. काढलं तर तिथं लिहिलेलंच होतं, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील, प्रोटीन मोजा, परत येतील. मी वाचलंच नव्हतं हो! मुलांना सांगते प्रश्न नीट वाचा..."

केस आले परत. दोन महिन्यांपूर्वी वर्गात एका पोरीनं विचारलं, मॅडम तुम्ही हेअरस्टाइल बदलली का, तर ताईंनी त्या पोरीला आख्खा दिवस मॉनिटर केलं.

तिसरी गोष्ट जरा जड आहे. या बाईंचं ऑपरेशन नागपुरातलं नाही, दुसऱ्या शहरातलं, नाव घेत नाही. वजन उतरलं मस्त. पण नंतर ना फोन आला ना तपासणी, गोळ्या तीन महिने घेतल्या आणि संपल्या तशा बंद. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की बायपासनंतर बी12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी हे जन्मभराचं आहे. तीन वर्षांनी पायात मुंग्या, चालताना तोल जायचा, घरचे म्हणायचे अशक्तपणा आहे, बीट खा. शेवटी इथं आल्या, बी12 तपासलं तर तळाला. इंजेक्शनं चालू झाली, मुंग्या कमी झाल्या, सगळ्या नाही गेल्या. त्यांनी ओपीडीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलंय, 'गोळी घेतली का?' ते अजून कोणी पुसलं नाही.

पैशाचं पण बोलू, कारण पहिला प्रश्न तोच असतो. प्रायव्हेटमधे खर्च लाखात जातो. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमानं विमा मिळू शकतो, पण बीएमआय 40 पाहिजे, किंवा 35 आणि सोबत हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकणं, आटोक्यात न येणारी शुगर असं काही, शिवाय आधी डाएट-औषधं करून जमलं नाही हे दाखवावं लागतं. म्हणून जुन्या फायली फेकू नका. आणि 2025 मधे मार्चला माउंजारो, जूनला वेगोवी ही वजन उतरवायची इंजेक्शनं भारतात आल्यापासून निम्मे लोक इंजेक्शनचंच विचारतात. काहींना त्यानं भागतं पण, मात्र बंद केलं की वजन बरंचसं परत येतं. ऑपरेशननंतरही येतं हो, आमच्या भाऊंचं दिवाळीत चार किलो आलं, सोनपापडी चावावी लागत नाही ना.

(दृश्य: लग्नाचा हॉल, पंगत)

भाऊंच्या पुतण्याचं लग्न. इथं आमची खरी परीक्षा, कारण आपल्याकडं ताटात काही ठेवलं की यजमानाला वाटतं स्वयंपाक बिघडला. वडाभात आला, पाटवडी रस्सा आला. भाऊ दोन घास चावून चावून, मग चमचा खाली. वाढणारा उभाच. "काऊन जी, तब्येत बरी नाही का?" आता प्रत्येकाला जठराची गोष्ट कोण सांगणार, तर त्यांनी युक्ती काढलीय, "आताच दुसरीकडून जेवून आलो". बायको शेजारी बसून त्यांच्या ताटातलं गुपचूप आपल्या ताटात घेते. तिचं मात्र तीन किलो वाढलं.

(दृश्य: दवाखान्याचा वरचा मजला, शनिवार संध्याकाळ, कूलरचा आवाज)

महिन्यातून एकदा सगळे जमतात, जुने-नवे. ना डॉक्टर, ना फळ्यावरचं लेक्चर, फक्त डाएटवाल्या मॅडम कोपऱ्यात वजनकाटा घेऊन. आज एक नवा पोरगा आलाय, पंचविशीचा, हिंगण्याकडं कंपनीत काम करतो, पुढच्या बुधवारी ऑपरेशन. आई सोबत आहे. बराच वेळ गप्प बसला आणि मग भाऊंकडे बघून विचारलं, "काका, दुखते का हो?"

भाऊंनी बाटली उचलली, एक घोट घेतला, झाकण लावलं.

"दुखते थोडं, दोनचार दिवस. तुझ्या घरी लोटा आहे का रे?"

"आहे ना."

"त्याले माळ्यावर ठेव."