रिपोर्टवर 'बायरॅड्स ३' आलंय? मग 'सहा महिन्यांनी या' म्हणजे काय

नमस्कार. मी कोल्हापुरात सोनोग्राफी करते. आज फक्त एका ओळीबद्दल बोलणार आहे.

(रिपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरून) ही शेवटची ओळ बघा. 'बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी.' दुखत नव्हतं, हाताला काही लागत नव्हतं, नुसती तपासणी म्हणून स्तनांची सोनोग्राफी केली आणि ही गाठ निघाली. मग कुणी रात्रभर जागतं, 'काढूनच टाका' म्हणत दुसऱ्या दिवशी सर्जनकडे जातं. कुणी 'काही नाही म्हणे' असं घरी सांगून कागद कपाटात टाकतं. मला जास्त काळजी या दुसऱ्या ताईंची वाटते.

बायरॅड्स ही रिपोर्ट लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे, अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं बनवलेली. हा ३ म्हणजे कॅन्सरची तिसरी स्टेज नव्हे. हे घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण सगळ्यात मोठी घबराट इथेच होते. ३ चा अर्थ असा, की गाठ बहुधा साधी आहे आणि कॅन्सर निघण्याची शक्यता जास्तीत जास्त २ टक्के. अशा १०० गाठींतल्या ९८ किंवा त्याहून जास्त साध्याच असतात.

हे आम्ही ठरवतो कशावरून? ताटात घेवड्याचा दाणा ठेवला की तो आडवा पडतो. साधी गाठ तशीच दिसते: लांबट गोल, कडा स्वच्छ, कातडीला समांतर आडवी. स्तनातले थर आडवे असतात आणि ती त्या थरांतच वाढते. थर ओलांडून उभी वाढलेली, कडा फाटक्या असलेली गाठ दिसली, तर तिला ३ देतच नाही, तिथं बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला सांगतो. तरुण मुलींमध्ये ही आडवी गाठ बहुतेकदा कॅन्सर नसलेली साधी गाठ, म्हणजे फायब्रोअ‍ॅडेनोमा असते. चाळिशीनंतर नव्यानं दिसली तर आम्ही जास्त सावध राहतो आणि मॅमोग्राफीही, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करून घेतो.

मग सहा महिने कशासाठी? गाठ वाढते का, हे बघायला. उद्या पुन्हा बघून फरक कळणार नाही, आणि वर्षभर थांबणं लांबतं. प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवतो ते यंत्र, थोडा तिरका धरला तरी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, त्यामुळं तेवढ्यानं घाबरू नका. पण सहा महिन्यांत २० टक्क्यांहून जास्त वाढली, म्हणजे १० मिलिमीटरची १३ झाली, किंवा आकार, कडा बदलल्या, तर सुईनं तुकडा घेऊन तपासायचा. जागा बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी जाता येतं. सुई लावल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

तारीख लक्षात राहात नाही? आपल्याकडं सोपं आहे. अंबाबाईच्या नवरात्रात गाठ दिसली असेल, तर जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुमाराला पुन्हा दाखवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच गोल करा.

आणि येताना जुनी फिल्म आणा! गडहिंग्लजहून एक काकू पहाटेची एसटी पकडून आल्या, हातात फक्त टाइप केलेला रिपोर्ट. फिल्म घरी. आता तुलना कशाशी करणार? कागदावरचं माप मिळालं, पण कडा कशा होत्या ते चित्रातच दिसतं. रेशनकार्ड ठेवता त्या पिशवीत फिल्म ठेवा. शक्य असेल तर तपासणीही त्याच सेंटरला करा.

काही जणींनी मात्र सहा महिने न थांबता डॉक्टरांशी बायोप्सीबद्दल बोलावं. आई-बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय, लवकरच दिवस राहण्याचा विचार आहे, परगावी जाणार म्हणून परत येणं जमणार नाही, किंवा काळजीनं झोपच लागत नाही. शेवटचं कारणसुद्धा खरं कारण आहे. ते सांगायला लाजू नका.

मधल्या काळात कातडी ओढली गेली, निप्पलमधून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर तारखेची वाट न बघता लगेच या.

सगळं ठीक असेल तर सहाव्या महिन्यानंतर बाराव्या महिन्यात, मग दोन वर्षं पूर्ण होताना बघायचं. दोन वर्षं गाठ जशीच्या तशी राहिली, की मी रिपोर्टवर ३ खोडून २ लिहिते, म्हणजे गाठ साधीच आहे. तिथून पुढं या गाठीसाठी वेगळी चक्कर नाही, तुमच्या वयाला जी नेहमीची तपासणी लागते तेवढीच.