वेबसाइटची जुनी पानं आणि लोकांची माहिती

नमस्कार. समोर वाचनालयांचे कार्यवाह आहेत, पतसंस्थांचे संचालक आहेत, वधू-वर सूचक मंडळं चालवणाऱ्या ताई आहेत, काही शाळांचे मुख्याध्यापकही आलेत. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वेबसाइट आणि वैयक्तिक माहितीची सुरक्षा’. या विषयावर एरवी जे बोललं जातं ते तुमचं पाठ आहे: ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. ते बरोबरच आहे, पण ते तुम्हाला बँकेचे ग्राहक म्हणून सांगितलं जातं. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते संस्थाचालक म्हणून. शेकडो लोकांचे पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर तुमच्या ताब्यात आहेत. ते त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. ब्रिटनमध्ये टॉकटॉक नावाची फोन आणि इंटरनेट पुरवणारी मोठी कंपनी होती, सुमारे 40 लाख ग्राहक. ऑक्टोबर 2015 मध्ये तिच्या वेबसाइटवर हल्ला झाला. पुढच्या चौकशीत निघालं की 1,56,959 ग्राहकांची नावं, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर आणि ईमेल चोरट्यांच्या हाती लागले. त्यांतल्या 15,656 जणांचे बँक खाते क्रमांकही गेले. कंपनीच्या प्रमुख टीव्हीवर आल्या. माहिती एन्क्रिप्ट केलेली होती का, म्हणजे चोरट्याला वाचता येणार नाही अशा रूपात ठेवली होती का, हे त्यांना त्या वेळी सांगता आलं नाही.

आता चोर आत शिरले कुठून ते ऐका. टॉकटॉकनं 2009 मध्ये टिस्काली या कंपनीचा ब्रिटनमधला व्यवसाय विकत घेतला होता. त्या व्यवसायाबरोबर त्यांची जुनी वेबपानंही आली. ती पानं चालू आहेत आणि त्यांच्यामागे ग्राहकांचा डेटाबेस जोडलेला आहे, याची टॉकटॉकमध्ये कुणी नोंदच ठेवली नव्हती. त्यामागचं डेटाबेस सॉफ्टवेअर जुनं होतं. त्यातल्या दोषावरची दुरुस्ती 2012 पासून फुकट उपलब्ध होती, ती कुणी बसवली नाही. 2015 मध्येच, जुलैत आणि सप्टेंबरमध्ये, याच पानांवर आधी दोनदा हल्ला होऊन गेला होता, तोही कळला नाही, कारण त्या पानांवर लक्ष ठेवणारं कुणीच नव्हतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पुढच्या वर्षी 4 लाख पौंडांचा दंड केला. तोपर्यंतचा तो सर्वांत मोठा दंड होता. जवळपास 1 लाख ग्राहक कंपनी सोडून गेले. ही फट शोधणाऱ्यांत 17 वर्षांचा एक मुलगा होता. मित्रांसमोर फुशारकी मारायला केलं, असं त्यानं कोर्टात सांगितलं.

हल्ल्याची पद्धत होती एसक्यूएल इंजेक्शन. नाव अवघड आहे, प्रकार सोपा आहे. तुमच्या वाचनालयाच्या साइटवर पुस्तक शोधायची चौकट असते. सभासद त्यात लेखकाचं नाव टाइप करतो, प्रोग्राम ते नाव एका ठरावीक वाक्यात बसवतो आणि ते वाक्य डेटाबेसला देतो: ‘या नावाची पुस्तकं दाखव.’ चोर तिथे लेखकाचं नाव लिहितच नाही. तो आधी एक अवतरणचिन्ह टाकून ते वाक्य मध्येच तोडतो आणि पुढे स्वतःचा हुकूम जोडतो: ‘आणि सभासदांची सगळी यादीही दाखव.’ टाइप केलेला मजकूर कुठला आणि हुकूम कुठला, हे प्रोग्राम वेगळं करत नसेल, तर डेटाबेस मुकाट्यानं यादी देतो. या पद्धतीचं वर्णन 1998 मध्येच प्रसिद्ध झालं होतं. तिच्यावरचा उपायही जुना आहे: टाइप केलेला मजकूर हुकुमापासून वेगळाच ठेवायचा. त्याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात. तुम्हाला ती लिहिता आली पाहिजे असं मुळीच नाही. पण साइट बनवून देणाऱ्याला ‘प्रत्येक फॉर्मच्या मागे पॅरामीटराइज्ड क्वेरी आहे ना?’ असं विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

हे ब्रिटनच्या मोठ्या कंपनीचं झालं, आमच्या वाचनालयाकडे कोण बघतंय, असं काही जणांच्या मनात आलं असेल. बघणारा माणूस नसतोच. एखादा प्रोग्राम दिवसरात्र एकेका साइटचं दार ठोठावत फिरत असतो. संस्था कुणाची, गाव कुठलं, त्याला काही घेणं नाही. तुमची साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलेली असते त्या होस्टिंग कंपनीकडे साइटचा ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर केव्हा कुठलं पान मागितलं गेलं याची नोंद, मागा आणि एकदा डोळ्यांखालून घाला. वर्डप्रेसचं, म्हणजे साइट बनवायच्या एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरचं, लॉगिन पान उघडायचा प्रयत्न, काही सेकंदांनी पुन्हा, मग पुन्हा. साइट वर्डप्रेसवर नसली तरी हे चालू असतं. डेटाबेसची बॅकअप फाइल चुकून उघडी राहिली असेल या आशेनं ‘बॅकअप डॉट झिप’, ‘ओल्ड डॉट झिप’ अशी नावंही मागून बघितलेली दिसतील. ज्या साइटला दिवसाला चार माणसं भेट देत नाहीत, तिच्या लॉगमध्येही हे असतं.

एका शिक्षण संस्थेची साइट मी स्वतः तपासली. सचिव पत्ता टाइप करून साइट उघडायचे, तेव्हा सगळं जिथल्या तिथे: संस्थापकांचा फोटो, प्रार्थना, सूचनाफलक. पण गुगलवर संस्थेचं नाव शोधलं की त्याच पत्त्याखाली जपानी लिपीत चप्पल-बुटांच्या आणि घड्याळांच्या जाहिराती यायच्या. घुसणाऱ्यानं व्यवस्थाच तशी केली होती. गुगलकडून येणाऱ्याला एक पान, थेट येणाऱ्याला दुसरं. त्यामुळे मालकाला पत्ताच लागत नाही. मूळ होतं फोटो गॅलरीच्या एका प्लगइनमध्ये, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्राममध्ये. तो प्लगइन बनवणाऱ्यानं त्यावर काम करणं केव्हाच थांबवलं होतं, आणि संस्थेनं ती गॅलरीही वापरायची सोडून दिली होती. साफसफाई करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच सर्व्हरवर तीन वर्षांपूर्वीचे प्रवेश अर्ज पडून होते. मुलांचे फोटो, जन्मदाखले, पालकांची आधार कार्डं. प्रवेश होऊन मुलं पुढच्या वर्गात गेली, अर्ज मात्र तिथेच.

माझा जीव तुटतो तो इथे. हल्ले होतच राहणार, तो आपल्या हातातला भाग नाही. पण लागत नसलेली माहिती वर्षानुवर्षं सर्व्हरवर न ठेवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. घरातलं सोनं गेलं तर डबा रिकामा दिसतो. माहिती चोरीला गेली तरी ती आपल्याकडे जागच्या जागी असते, म्हणून चोरी झाल्याचं कित्येक महिने कळत नाही. यावर सगळ्यांत खात्रीचा उपाय एकच: जे लागत नाही ते घ्यायचं नाही, आणि काम झालं की पुसून टाकायचं.

वधू-वर मंडळांच्या ताईंनी हे जास्त लक्ष देऊन ऐकावं, कारण तुमच्याकडची माहिती सगळ्यांत नाजूक आहे. आपला स्थळाचा बायोडाटा आठवा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मठिकाण, उंची, नोकरी, पगार, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाइल, फोटो. आणि शेवटी मामांचं नाव, आडनाव, गाव. मामांचं आडनाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. ग्राहकाची ओळख पटवायला बँका वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारत आल्यात! एका पानावर इतकं सगळं मिळाल्यावर फोन करून ‘मी तुमच्या बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला आणखी काय हवं? आणि मुलीचा फोटो, पत्ता, नंबर एकत्र बाहेर पडला तर तिला काय सोसावं लागतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

हे बायोडाटे बऱ्याचदा साइटच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये पीडीएफ म्हणून असतात. यादी बघायला पासवर्ड लागतो, पण फाइलचा थेट पत्ता माहीत असेल तर पासवर्ड कुणी विचारत नाही. फोल्डर उघडा असेल तर गुगल त्या फाइली वाचून शोधात दाखवायलाही लागतं. घरी गेल्यावर हे करून बघा: ज्या मोबाइलवर लॉगिन केलेलं नाही त्यावर मंडळाचं नाव आणि ‘बायोडाटा’ असं गुगलवर शोधा. काही सापडलं तर आधी सर्व्हरवरून फाइल काढा, मग गुगलच्या सर्च कन्सोलमधून, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सोयीतून, ती शोधातून हटवायची विनंती करा. उलट क्रमानं केलंत तर ती विनंती तात्पुरतीच असते, काही महिन्यांनी फाइल परत दिसू लागते. गुगल फॉर्मनं नावं घेत असाल तर त्यामागच्या शीटचं शेअरिंग तपासा. ‘लिंक असणाऱ्या कुणालाही’ हा पर्याय चालू असेल, तर ती लिंक एकदा व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की संपलं. पहिल्या भेटीत लोकांना दाखवायला शिक्षण, नोकरी, वय आणि जिल्हा पुरतो. पत्ता आणि मामा पसंतीनंतर. लग्न ठरलं की नोंद काढून टाकायची.

आधारचंही तेच. झेरॉक्स द्या म्हणायची आपल्याला सवय लागलीय. वाचनालयाच्या सभासदत्वाला आधार कशाला हवं? पत्त्याचा पुरावा बघायचा, नोंद करायची, कागद परत द्यायचा. एखाद्या कामाला घ्यावंच लागलं तर मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात, आणि ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवरून डाउनलोड करता येतं.

कायदाही आता हेच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होतायत. माहिती कशासाठी घेतोय ते आधी सांगायचं, त्याच कामासाठी वापरायची, काम संपलं की पुसायची. संमती मागणारी सूचना मराठीतही वाचायला मिळाली पाहिजे, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांसाठी तशी तरतूद आहे. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी, मुख्याध्यापकांनी हे लक्षात घ्यावं. सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. लहान संस्थेला इतका दंड होईल असं नाही, पण ‘आम्ही छोटे आहोत, आम्हाला कायदा लागू नाही’ असं म्हणता येणार नाही.

पासवर्डबद्दल थोडक्यात. 2009 मध्ये रॉकयू नावाच्या अमेरिकन कंपनीकडून 3 कोटी 20 लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही एसक्यूएल इंजेक्शननंच. कंपनीनं ते जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवले होते. सगळ्यांत जास्त लोकांचा पासवर्ड होता 123456. तुमची साइट ‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलनं पाठवत असेल, तर समजून घ्या की तीही पासवर्ड वाचता येतील असेच ठेवते. ती आजच बंद करून दुरुस्त करून घ्या. संस्थेच्या ईमेलला आणि साइटच्या ॲडमिन खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी, लावा. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार मिळून एकच पासवर्ड वापरत असाल तर ते थांबवा. प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि कार्यकारिणी बदलली की जुन्यांची खाती बंद.

डोमेन, म्हणजे तुमच्या साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे तेही एकदा बघा. साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर ते असतं, तो नोकरीसाठी परगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते, आणि एक दिवस संस्थेच्या नावावर जुगाराची साइट उभी असते. डोमेन, होस्टिंग, ईमेल ही तिन्ही संस्थेच्या नावावर करून घ्या आणि त्यांच्या मुदती इतिवृत्तात लिहा. तसाच संस्थेच्या सगळ्या साइटचा, पानांचा आणि फॉर्मचा एक तक्ता करा. शतकमहोत्सवासाठी केलेली साइट, कोविडच्या वेळचा नोंदणी फॉर्म, हे सगळं त्यात यायला हवं. जे वापरात नाही ते बंद करा. टॉकटॉककडे हा तक्ता नव्हता.

एवढं करूनही माहिती फुटली तर काय? पहिला मोह होतो गप्प बसायचा, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून. कृपा करून तसं करू नका. नव्या कायद्यानुसार ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला कळवणं बंधनकारक होणार आहे, आणि त्याची वाट न बघताही ते त्यांचं देणं आहे. साइट बंद करा, पण लॉग आणि फाइली पुसू नका, तपासाला लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेला आणि सायबर पोलिसांना कळवा. मग सभासदांना साध्या मराठीत लिहा: काय गेलं, केव्हा गेलं, काय गेलेलं नाही, आणि आमच्या नावानं फोन आला तर विश्वास ठेवू नका. ज्येष्ठ सभासद मेसेज वाचत नाहीत, त्यांना फोन करा. कुणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर त्यांना 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब, त्याच तासात तक्रार करायला सांगा. जितका उशीर होईल तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरत जातात आणि अडवणं कठीण होतं.

आता प्रश्न घेऊ. ज्यांना आपल्या साइटचा लॉग किंवा गुगल शीटचं शेअरिंग इथेच तपासून बघायचंय, त्यांनी मोबाइल घेऊन पुढे यावं.