दगडाच्या पोटातली सळी

कुलाब्याचं अफगाण चर्च. दगडी बांधकाम, १९८ फूट उंचीचा मनोरा, १८६५ साली पूर्ण झालेला. त्या काळच्या अशा चर्चमध्ये लोखंड म्हटलं की नजर फाटकाकडे जाते, जाळीकडे जाते. समुद्रकाठी खरी काळजी घ्यावी लागते ती रंगीत खिडक्यांमधल्या आडव्या सळ्यांची.

काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात. शिसं मऊ, पावसाळी वाऱ्याचा जोर त्याला एकट्याला पेलवत नाही. म्हणून पट्टीला डाख दिलेली तांब्याची तार सळीभोवती पिळतात आणि सळीची दोन्ही टोकं दगडातल्या खोबणीत बसवतात.

सळीच्या उघड्या भागाला रंग लागतो. खोबणीतल्या टोकाला कुणाचाच हात पोचत नाही. पाणी सळीवरून ओघळत तिथेच जाऊन मुरतं, सोबत मीठही. घडीव लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने गंजतं आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. खोबणीत तेवढी जागा नसते. मग दगड तडकतो.

सळीच्या रेषेत केसाएवढी भेग, खाली तांबूस ओघळ, बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ आवाज. ही खूण दिसली की भेग सिमेंटने बुजवायची घाई अजिबात करू नये. सिमेंट ओल आत कोंडतं, आतला गंज वाढतच राहतो आणि पुढच्या खेपेला दगडाची खपलीच निघते.

आधी तारा कापून काचेचं तावदान उतरवायचं. सळी मधोमध करवतीने कापायची. टोकाभोवती बारीक डायमंड कोअर बिट (हिऱ्याच्या कणांची धार असलेलं पोकळ नळीचं ड्रिल) फिरवून ते सोडवायचं. इथे छिन्नी-हातोडा चालवला तर खिडकीची नाजूक दगडी दांडीच तुटते. नवी सळी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची घ्यावी. ३०४ स्वस्त पडतं, पण खाऱ्या हवेत त्यावर डाग आणि खड्डे पडतात. स्टेनलेस जुन्या लोखंडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर ओलाव्यात ते लोखंड आणखी वेगाने गंजतं.

खोबण चुन्याच्या गिलाव्याने भरायची. हे काम पाऊस सरून दगड सुकल्यावर, ऑक्टोबरनंतर. उन्हात चुना लवकर सुकून भुसभुशीत होतो, म्हणून त्यावर ओलं गोणपाट टांगून ठेवतात आणि ते दिवसातून अनेकदा भिजवतात.