वजनाचा हिशेब आणि आतड्यातील जीवाणू

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, प्रतिकारयंत्रणा आणि आतड्यातील जीवाणू यांचा स्थूलतेशी काय संबंध, हा आजचा विषय आहे. पण आधी एक जुनी तक्रार मांडू द्या. जाड माणसाला न मागता सल्ला देण्याचा हक्क आपल्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळतो आणि तो लग्नाच्या पंगतीत, समोरच्याच्या पानात दुसरी जिलबी पडत असताना, आवर्जून बजावला जातो. ‘तोंडावर ताबा हवा’ हे निदान आणि ‘रोज टेकडी चढा’ हा उपचार. वेताळ टेकडीवर नेमाने जाणारे श्रोते येथे बरेच असतील. टेकडी उतरल्यावर ते नाश्त्याला कोठे थांबतात, हे मी विचारणार नाही.

शरीराचा जमाखर्च इतका सरळ नसतो, याचा बोलका पुरावा पुण्यातूनच जगापुढे गेला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही जवळजवळ सारखा, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वैज्ञानिकाने स्वतःची चरबी दशांशापर्यंत जाहीर करावी, याला धैर्य लागते. आपण तर वजनकाट्यावर चढण्यापूर्वी खिशातील किल्ल्यासुद्धा काढून ठेवतो. या फरकाचे खापर मी जीवाणूंवर फोडत नाही, कारण त्यात गर्भावस्थेतील पोषणापासून अनेक गोष्टी येतात. मुद्दा एवढाच, की काटा चरबीचा पत्ता सांगत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता भरभर सांगतो. त्याच २००४ साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जंतुमुक्त वाढवलेल्या उंदरांना सामान्य उंदरांच्या आतड्यातील जीवाणू दिले, तेव्हा अन्न कमी खाऊनही त्यांची चरबी चौदा दिवसांत सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. मग कोणते जीवाणू आतड्यात टिकतील, हे कोण ठरवते? बऱ्याच अंशी आपली प्रतिकारयंत्रणा, कारण ती आतड्यात जीवाणूंना चिकटणारी ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडे सोडून त्यांच्या वस्तीला वळण लावते. २०१९ साली युटा विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, की उंदरांच्या टी-पेशींतील, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींतील, एक दुवा तोडल्यास हे नियंत्रण बिघडते, क्लॉस्ट्रिडिया गटातील जीवाणू घटतात, डीसल्फोव्हिब्रिओ नावाचे जीवाणू वाढतात, आतडे स्निग्ध पदार्थ अधिक शोषू लागते आणि नेहमीच्याच आहारावर उंदीर वयाबरोबर लठ्ठ होतात. उलट दिशेनेही हे चालते: स्निग्ध आहाराने आतड्याचे अस्तर सैल झाले, की जीवाणूंच्या आवरणातील विषारी घटक रक्तात झिरपतात, चरबीच्या ऊतींत प्रतिकारयंत्रणेच्या भक्षक पेशी जमतात आणि त्या मंद दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव उतरतो.

आता वजन उतरवायला जीवाणूंची कोणती पुडी घ्यावी, हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणारच, म्हणून आधीच सांगतो. सडपातळ दात्यांचे जीवाणू स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण वजन होते तेवढेच राहिले.