चूल गेली, आता बी कुठे ठेवायचं?

मंडळी, बियांबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात चुलीपासून करते.

माझ्या सासूबाई दरवर्षी एक तवसं, म्हणजे आपली मोठी गावठी काकडी, बियाण्यासाठी राखायच्या. वेलाच्या पहिल्या भरातलं, सरळ वाढलेलं फळ त्या खुडायच्या नाहीत. ते वेलावरच पिकून तांबूस झालं की केळीच्या सोपाने बांधून माजघराच्या वाशाला टांगायच्या. थंडी पडली की मग बिया काढायच्या, धुऊन वाळवायच्या, राखेत घोळवून गाडग्यात भरायच्या आणि गाडगं चुलीवरच्या माळ्यावर चढवायच्या. आमच्याकडे गॅस आला, चूल मोडली, माळ्याला सिलिंग लागलं. मी त्या बिया मोठ्या हौसेने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या. जूनमध्ये पिशवी उघडली तर आत काळी बुरशी. कित्येक वर्षं घरात चालत आलेलं बी माझ्या हातून गेलं. त्याची चुटपुट अजून जात नाही.

त्यानंतर मी शोधायला लागले की चूल नेमकं करत काय होती. उत्तर साधं आहे. बी आजूबाजूच्या हवेतला ओलावा ओढून घेतं आणि परत सोडतंही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. अशा हवेत उघडं ठेवलेलं बी, कितीही वाळवलेलं असलं तरी, पुन्हा दमट होतं. दमट बी आतल्या आत श्वास घेत राहतं, आपली शिदोरी संपवतं आणि मरतं. माळ्यावर मात्र चारही महिने कोरडी ऊब असायची, आणि धुरामुळे कीडही लांब राहायची. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने एक ढोबळ हिशेब मांडला आहे: बियांतला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं तरी तसंच. म्हणजे चूल नसली तरी आपल्या हातात दोन गोष्टी आहेत, कोरडेपणा आणि गारवा. त्यातही कोकणात कोरडेपणा आधी.

वाळवण्याचा काळ आपल्याकडे मार्गशीर्ष ते माघ. तेव्हा सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून येणारा, कोरडा. दव उडालं की बिया सुपात पसरायच्या आणि दुपारी समुद्राचा खारा वारा सुटला की आत घ्यायच्या. बी पत्र्यावर किंवा तापलेल्या गच्चीवर कधीच टाकू नका, चाळीस अंशांवर गर्भ भाजतो. तवशी वाशाला का टांगत, हे मला तेव्हा कळलं. कोरडा वारा सुरू होईपर्यंत फळच बियांना सांभाळतं!

तवसं, काकडी, टोमॅटो यांच्या बियांवर बुळबुळीत आवरण असतं. गर एक-दोन दिवस भांड्यात आंबू द्या, मग धुवा. तळाशी बसतील त्या घ्या, तरंगतील त्या टाका. वाळलेली बी वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. वालाच्या दाण्यावर दाताचा वण उमटला तर तो अजून ओला आहे.

मग बरणी. काचेची, घट्ट झाकणाची. तांदूळ कढईत कोरडे भाजायचे, गरम असतानाच वेगळ्या डब्यात बंद करायचे आणि पूर्ण गार झाले की त्यांची पुरचुंडी बियांसोबत बरणीत ठेवायची, म्हणजे उरलासुरला ओलावा ते ओढून घेतात. तांदूळ बियांच्या दुप्पट घ्या. आठवड्याने काढून टाका. वाल, चवळीला भुंगा लागतो, कारण त्याची अंडी शेतातूनच शेंगेवर येतात. तिथे चाळलेली राख अजूनही उत्तम. दाण्यांमधल्या फटी भरल्या की किड्याला हलता येत नाही. बरणी फ्रिजमध्ये ठेवलीत तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती घरातल्या हवेइतकी होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि सगळी मेहनत वाया.

एक सावधगिरी. हे सगळं फणसाच्या आठळीला, आंब्याच्या बाठ्याला, रातांब्याच्या (कोकमाच्या) बीला लागू नाही. ती वाळवली की मरतात. फळ खाल्लं की आठवड्याच्या आत मातीत घाला.

आणि शेजारी चिबूड असला की काकडीचं बी बिघडतं, ही समजूत सोडा. त्या दोन वेगळ्या जाती आहेत, त्यांचा संकर होत नाही. तवसं आणि काकडी मात्र एकाच जातीची. बी धरायचं असेल तर त्यांचे वेल जवळजवळ नकोत, नाहीतर मादी फूल उमलण्याआधी कापडी पिशवीत बांधा आणि सकाळी त्याच वेलाचं नर फूल हाताने त्यावर फिरवा. संकरित वाणाचं पाकीट आणलं असेल तर त्याचं बी राखण्याच्या भानगडीत पडू नका, पुढच्या पिढीत वाण फुटतो, म्हणजे फळं मूळ वेलासारखी येत नाहीत.

सासूबाईंचं तवसं मला परत कसं मिळालं, ते सांगायचं राहिलं. त्यांनी कधीतरी मूठभर बिया माझ्या नणंदेच्या घरी दिल्या होत्या. तिच्या परसात तो वेल अजून चढत होता. तिने मला अकरा बिया दिल्या. ओल्या फडक्यात दहा रुजत घातल्या, आठ उगवल्या.

त्याच वेलाच्या बिया इथे टेबलावर पुड्यांत आहेत. प्रत्येकीने एक घ्या, पण आज लावू नका. आगोटीला, पहिला पाऊस पडून माती नरम झाली की मांडवाच्या कडेला, बोटाच्या पेराएवढ्या खोल.