गाडी तेव्हा कुठे उभी होती?

(दृश्य: काळा घोडा पूल. खाली विश्वामित्रीचं उथळ पाणी, काठावर ऊन खात पडलेली मगर.)

पावागडावरून उतरलेली ही नदी एरवी इतकं अंग चोरून वाहते, की बडोद्यात आलेले पाहुणे तिला नाला समजतात. पण ३१ जुलै २०१९ला शहरावर एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. आणि ऑगस्ट २०२४मध्ये धोक्याची २५ फुटांची खूण मागे टाकून हीच नदी ३५ फुटांच्या घरात पोचली. समा, अकोटा, मुजमहुडा, सयाजीगंज. सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्या कुठे बॉनेटपर्यंत, कुठे छतापर्यंत पाण्यात.

रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. गाड्यांकडे कोण बघतं? त्या सुकल्या, धुतल्या गेल्या, आणि सगळ्याच काही भंगारात गेल्या नाहीत.

(दृश्य: जुन्या गाड्यांचं आवार. ओळीनं उभ्या, चकचकीत पुसलेल्या गाड्या.)

दांडिया बाजारातले एक काका. बँकेतून निवृत्त. पुतण्या मकरपुऱ्यात नोकरीला, त्याला गाडी हवी. ऑटो कन्सल्टवाल्यानं, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्यानं, दाखवली ती पेट्रोल हॅचबॅक, पांढरी, १,२०० सीसी.

"काका, मीटर बघा, फक्त ४१ हजार!"

काकांनी मीटर पाहिलंच नाही. "ऑगस्टात ही कुठे उभी होती, ते विचार."

सोबत मिस्त्री आहेत, काकांचे जुने. त्यांनी कशालाही हात लावायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवला. कोमट. म्हणजे आपण यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली. थंड इंजिन जे बोलतं, ते गरम झाल्यावर लपवतं. तेव्हा दोन तास थांबायचं ठरलं आणि मंडळी सेव-उसळ खायला गेली. बडोद्याची सेव-उसळ म्हणजे मिसळीची गुजरातेत दिलेली बहीण. दोन तास सहज जातात.

(दृश्य: सायलेन्सर. सेल्फचा आवाज.)

पहिल्या सेल्फला गाडी सुरू. धूर नाही. धुराचं गणित बहुतेकांना पाठ असतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय: सकाळी एक झुळूक येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हे बघावंच. पण धूर नाही म्हणून खूश होऊन टोकन देणारे आम्ही बरेच पाहिलेत.

मिस्त्रींनी एअर फिल्टरचा डबा उघडला. इंजिन हवा ओढतं ते याच वाटेनं. फिल्टर कोरा. डब्याच्या तळाशी, कोपऱ्यात, नखानं खरवडल्यावर निघाली राखाडी, बारीक, वाळलेली गाळाची पापडी. मग मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. एरवी कधी बाहेर न येणाऱ्या पट्ट्यावर चहाच्या डागासारखी आडवी रेघ.

"एक पण क्लेम नथी," कन्सल्टवाला म्हणाला.

काकांनी विम्याचे कागद मागितले. आयुष्यभर कागदच वाचले त्यांनी. २०२३च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ३५ टक्के. पुराच्या पुढच्या नूतनीकरणात शून्य. मालक तोच असेल आणि पॉलिसी खंडलेली नसेल, तर क्लेम घेतल्याशिवाय हा आकडा असा खाली येत नाही.

आता खरी गोम. साध्या पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून बिघडलेलं इंजिन बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. मग होतं असं, की कार्पेट बदलतं, वायरिंग बदलतं, सीटा धुतल्या जातात, आणि इंजिन? ते "चालतंय ना" म्हणून तसंच राहतं.

(दृश्य: कापून दाखवलेलं इंजिन. पिस्टन सावकाश वर येतो.)

या इंजिनाला चार सिलेंडर. प्रत्येकात जागा साधारण ३०० मिलिलिटर. पिस्टन पूर्ण वर आला की उरते जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे. हवा तेवढ्या जागेत दाबून बसते. पाणी दाबलं जात नाही. दोन चमच्यांहून जास्त पाणी आत असेल आणि कुणी सेल्फ मारला, तर पिस्टन मध्येच अडतो, आणि त्याखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी इतका थोडा, की पाणी काढल्यावर गाडी पुन्हा सुरू होते, पुलावर चढते, ऑफिसला जाते. आणि एखाद्या दिवशी हायवेवर तो रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

(दृश्य: चारही स्पार्क प्लग काढून कापडावर मांडलेले.)

रेसचं पेडल पूर्ण दाबून, सेल्फ फिरवून, कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, मोजलं. पहिला १७५ पीएसआय. दुसरा १७०. तिसरा १४५. चौथा १७५.

तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर आकडा चढला असता. काटा १४५वरच.

मग मिस्त्रींनी पेटीतून काढली विणकामाची ॲल्युमिनियमची सुई. घरातूनच उचललेली, बायकोला अजून पत्ता नाही म्हणे. एकेक पिस्टन हातानं फिरवून पूर्ण वर आणायचा, प्लगच्या भोकातून सुई टेकवायची, काठाशी टेपची खूण करायची. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या सिलेंडरला खूण एकाच जागी. तिसऱ्याला सुई दीड मिलिमीटर जास्त आत गेली. म्हणजे तो पिस्टन पूर्ण वर येतच नाही. रॉड वाकलाय.

पुतण्यानं स्वतः सुई धरून पाहिली. दोनदा.

"वीस हजार ओछा करी आपीश," कन्सल्टवाला हळूच म्हणाला. म्हणजे वीस हजार कमी.

मिस्त्रींनी सुई पुसली, पेटीत ठेवली.

(दृश्य: कारेलीबागेतलं एक अंगण. झाडाखाली जुनी करडी गाडी.)

ही दुसरी. मीटरवर ९२ हजार, दारावर ओरखडा, मालक स्वतः शिक्षक. पाणी वाढतंय कळल्यावर रात्री दहाला गाडी उड्डाणपुलावर नेऊन लावली आणि पुढचे तीन दिवस तिथेच ठेवली, असं त्यांचं म्हणणं. नो क्लेम बोनस ५० टक्के, अखंड. काका कागद बघून जरा सैल झाले.

मिस्त्री झाले नाहीत. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. थंडगार. मग पेटी उघडली.